सहा तास सात मिनिटं: गिटलॅबच्या डेटाबेसची रात्र

गिटलॅब प्रोग्रामरना मुख्यतः एक गोष्ट पुरवते, ती म्हणजे बदलांचा इतिहास. कोडची कुठली ओळ कुणी बदलली, कधी बदलली, कशासाठी बदलली आणि चुकलंच तर मागे कसं जायचं, हे सगळं त्यात असतं. लिनस टोर्वाल्ड्सने २००५ मध्ये लिहिलेल्या गिटवर हा डोलारा उभा आहे. गिटमध्ये प्रत्येक कमिटला स्वतःची ओळख असते आणि रिपॉझिटरी क्लोन करणाऱ्याच्या मशीनवर साधारणपणे सगळाच्या सगळा इतिहास उतरतो. सर्व्हर गेला तरी कुणाच्या ना कुणाच्या लॅपटॉपवर कोड शिल्लक असतो.

पण गिटलॅबवर कोडखेरीज बरंच काही असतं. युजरची खाती, इश्यू, त्यांवरच्या चर्चा, मर्ज रिक्वेस्टखालच्या टिप्पण्या, स्निपेट्स. हे गिटमध्ये नसतं, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री या डेटाबेसचं काय झालं, ते कंपनीने त्याच रात्री सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या टिपणांतून आणि १० फेब्रुवारीला प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अहवालातून मिनिटामिनिटाला कळतं. खालच्या सगळ्या वेळा यूटीसी आहेत. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे.

जवळपास १ वर्ष आधी

या घटनेचं वर्णन नेहमी ‘एकाने चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं’ असं एका वाक्यात उरकलं जातं. मला ते मान्य नाही. घड्याळ त्या रात्री नव्हे, कितीतरी महिने आधी सुरू झालं होतं, आणि ते सुरू झालं सेटिंगमध्ये.

डेटाबेसला एका वेळी किती जोडण्या घेता येतील हे ठरवणारं ‘मॅक्स कनेक्शन्स’ हे सेटिंग ८००० वर होतं. एका पोस्टग्रेस सर्व्हरसाठी हा आकडा अवाच्या सवा आहे. तरी वर्षभर काही बिघडलं नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. ‘मॅक्स वॉल सेंडर्स’ हे दुसरं सेटिंग, म्हणजे प्रायमरी (मुख्य) सर्व्हर एका वेळी किती ठिकाणी आपले बदल पाठवू शकेल ती मर्यादा, ३ वर होतं.

तिसरं सेटिंग बंदच होतं, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्यात आहे. पोस्टग्रेस कुठलाही बदल डेटाच्या फाइलींत उतरवण्याआधी एका वेगळ्या नोंदवहीत लिहितो. तिला राइट-अहेड लॉग म्हणतात, बोलताना नुसतं वॉल. एखादा ट्रान्झॅक्शन कमिट झाला याचा अर्थच त्याची नोंद वॉलमध्ये पक्की झाली. या फाइली पूर्ण भरल्या की दुसरीकडे साठवता येतात. त्याला वॉल आर्काइव्हिंग म्हणतात आणि ते चालू करायला सेटिंगच्या दोनतीन ओळी पुरतात. डेटाबेसची एक मूळ प्रत आणि तिच्यानंतरचे सगळे वॉल हाताशी असले, तर डेटाबेस मागच्या कुठल्याही मिनिटावर नेऊन उभा करता येतो. आर्काइव्ह नसेल तर पोस्टग्रेस जुन्या फाइली ठरावीक मर्यादेनंतर काढून टाकतो. गिटलॅब डॉट कॉमवर आर्काइव्ह नव्हतं. बदलांची नोंद होत होती, पण थोड्या वेळाने पुसली जात होती.

काही काळ आधी, कुणाच्याही लक्षात न येता

रोजचा बॅकअपही होता. पीजी-डंप हा पोस्टग्रेसचा प्रोग्राम चालायचा आणि डेटाबेसची पूर्ण प्रत अमेझॉनच्या एस-३ वर चढवायचा, निदान तशी समजूत होती. डेटाबेस होता पोस्टग्रेस ९.६ चा. बॅकअप मात्र ॲप्लिकेशन सर्व्हरवरून चालत होता आणि त्या सर्व्हरवर डेटाबेसच्या फाइली नसल्याने कुठली आवृत्ती वापरायची हे सॉफ्टवेअरला कळत नव्हतं. ते आपलं मूळ गृहीत धरून ९.२ चा पीजी-डंप चालवायचं. जुन्या आवृत्तीचा पीजी-डंप नव्या आवृत्तीच्या डेटाबेसला हात लावत नाही. एरर देऊन थांबतो. तो रोज तसाच थांबत होता.

एरर आली की ईमेल जायची व्यवस्था होती. ईमेल जातही होत्या. पण क्रॉनजॉबकडून निघणाऱ्या त्या ईमेल डीमार्कच्या, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पडताळणाऱ्या, तपासणीत बसत नसल्याने समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. बॅकअप फसत होता, तो फसल्याचा निरोपही फसत होता, आणि कुणाच्याच इनबॉक्समध्ये काही येत नसल्याने सगळं ठीक वाटत होतं.

अझ्युर क्लाउडवर डिस्कचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या प्रती, घ्यायची सोयही होती. ती एनएफएस सर्व्हरना लावली होती. डेटाबेसच्या सर्व्हरना नव्हती, कारण त्यांच्यासाठी बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत असं धरलं होतं.

१७:२० – ६ तास ७ मिनिटं आधी

गिटलॅब डॉट कॉमचा सगळा भार एकाच प्रायमरी डेटाबेसवर होता. सोबतीला एक सेकंडरी होती, पण ती प्रायमरी पडली तर जागा घ्यायला. रोजच्या कामात तिचा उपयोग नव्हता. भार वाटून देता यावा म्हणून एक अभियंता स्टेजिंगमध्ये, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, पीजी-पूल नावाचं साधन लावून पाहणार होता. चाचणीसाठी त्याला ताजा डेटा हवा होता. एलव्हीएम स्नॅपशॉट एरवी २४ तासांतून एकदा आपोआप निघायचा. त्याने तेवढं थांबायचं नाही असं ठरवलं, प्रोडक्शनचा स्नॅपशॉट हाताने काढला आणि स्टेजिंगवर चढवला.

बॅकअप म्हणून हे कुणी केलं नव्हतं. त्या संध्याकाळच्या कामातला तो एक साधा टप्पा होता. पुढच्या २४ तासांत गिटलॅबला जे काही परत मिळालं ते या एका स्नॅपशॉटमुळे.

१९:०० – ४ तास २७ मिनिटं आधी

डेटाबेसवरचा लोड चढायला लागला. आधीच्या आठवड्यात असं होत होतं, पण इतकं नाही. संशय स्पॅमवर होता आणि तो खोटाही नव्हता. इश्यू आणि मर्ज रिक्वेस्टवर लोकांना टिप्पण्या टाकता येईनात.

या लोडला आणखी एक कारण होतं, ते नंतर कळलं. गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर गैरवापराचा शिक्का बसला होता आणि ते चुकून काढून टाकण्याच्या रांगेत गेलं होतं. पार्श्वभूमीवर चालणारा जॉब ते खातं आणि त्याच्याशी जोडलेला सगळा डेटा पुसायच्या मागे लागला होता. म्हणजे संध्याकाळीच एक चुकीचं डिलीट चालू होतं आणि ते डेटाबेसला धाप लावत होतं. समोर टर्मिनलवर बसलेल्यांना ते दिसत नव्हतं.

२१:०० – २ तास २७ मिनिटं आधी

स्पॅमर धडाधड स्निपेट्स तयार करत होते. त्यांचे आयपी बंद केले, खाती काढली. एका युजरने आपली रिपॉझिटरी फाइली वाटायचं केंद्र करून टाकली होती. त्याच्या एकाच खात्यावर ४७,००० आयपींवरून लॉगिन होत होतं. तोही काढला. लोड हळूहळू आटोक्यात येत होता.

२२:०० – १ तास २७ मिनिटं आधी

पेजर वाजला. सेकंडरी फार मागे पडली होती, जवळपास ४ जीबीने. आणि इथे ते बंद राहिलेलं सेटिंग आडवं आलं.

प्रायमरीवर बदलांचा एवढा मारा चालला होता की सेकंडरीला हवे असलेले वॉल तिने वाचण्याआधीच प्रायमरीने काढून टाकले. आर्काइव्ह असतं तर सेकंडरीने ते तिथून उचलले असते आणि रात्रीत कधीतरी प्रायमरीला गाठलं असतं. कुणाला उठून काहीही पुसायची गरज पडली नसती. आर्काइव्ह नव्हतं, त्यामुळे एकच मार्ग राहिला: सेकंडरीवरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची आणि पीजी-बेसबॅकअप चालवून प्रायमरीवरून सगळं नव्याने आणायचं.

संध्याकाळी स्नॅपशॉट काढणारा अभियंताच इथे होता. तो त्या रात्री आता काम थांबवतो असं सांगून बसला होता. त्याच्याकडे रात्रीचे ११ वाजायला आले होते. प्रायमरीचे बदल सेकंडरीत उतरवणारं रेप्लिकेशन पडलं म्हणून तो कामावरच राहिला.

त्याने सेकंडरीची डिरेक्टरी पुसली. हे बरोबरच होतं. या क्षणापासून गिटलॅबच्या डेटाबेसची चालू अशी एकच प्रत उरली. याआधी ती दोन ठिकाणी होती. आता फक्त प्रायमरीवर.

२३:०० च्या आसपास – उरली २७ मिनिटं

पीजी-बेसबॅकअप चालवला. काहीच होईना. जास्त माहिती दाखवायचा पर्याय दिला होता, तरी पडद्यावर शब्द उमटेना. दोनचार प्रयत्नांनंतर त्याने एकदाचं सांगितलं की प्रायमरीकडे रेप्लिकेशनच्या पुरेशा जोडण्या नाहीत. हे ते ३ वर असलेलं सेटिंग. अभियंत्याने ते प्रायमरीवर ३२ केलं आणि पोस्टग्रेस रीस्टार्ट करायला घेतला.

पोस्टग्रेस उठेना. सेमाफोर जास्त मागितले जातायत, अशी तक्रार. हे ते ८००० वालं सेटिंग. ते २००० वर आणलं तेव्हा डेटाबेस चालू झाला.

इथे क्षणभर थांबायला हवं. मध्यरात्रीच्या सुमाराला, चालू प्रोडक्शनवर एक माणूस दोन जुनी सेटिंग एकामागून एक बदलत होता. एरवी हेच बदल शांत दुपारी झाले असते. सेटिंगची फाइल रिपॉझिटरीत, बदल मर्ज रिक्वेस्टमधून, कमिटच्या संदेशात एक ओळ: जोडण्या ८००० का, आणि मर्यादा कुठली. दुसऱ्या कुणीतरी वाचून विचारलं असतं की सर्व्हर रीस्टार्ट करून पाहिला आहे का. डेटाबेसचं काम करणाऱ्या बहुतेक टीम टेबलांची रचना मायग्रेशनच्या फाइलींत लिहून गिटमध्ये ठेवतात, गिटलॅबही ठेवते. ती रचना काही मिनिटांत पुन्हा उभी करता येते. सर्व्हरची सेटिंग, बॅकअपचे जॉब, त्यांच्या आवृत्त्या यांना मात्र कितीतरी ठिकाणी तो मान मिळत नाही. कुणीतरी कधीतरी सर्व्हरवर चढून आकडा बदलतो, अडचण सुटते, आकडा तसाच राहतो.

डेटाबेस उठला, पण पीजी-बेसबॅकअप गप्पच. प्रोग्राम आत काय करतोय ते दाखवणारं एसट्रेस लावून पाहिलं. तो कशाची तरी वाट बघत अडकलाय एवढंच दिसलं. वस्तुस्थिती अशी होती की काहीही बिघडलेलं नव्हतं. प्रायमरीकडून डेटा यायला लागेपर्यंत हा प्रोग्राम चकार शब्द न काढता बसून राहतो. ते त्याचं नेहमीचं वागणं आहे. टीममधल्या एका अभियंत्याला ते माहीत होतं. तो त्या वेळी हजर नव्हता. ना टीमच्या रनबुकमध्ये ते नीट लिहिलेलं होतं, ना प्रोग्रामच्या अधिकृत माहितीत.

आणखी काही मिनिटं नुसतं बसून राहिलं असतं तर काम सुरू झालं असतं. पण समोर मुका पडदा, मागे तासभराची धडपड. अभियंत्याला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत सेकंडरीच्या डिरेक्टरीत काही फाइली पडून राहिल्या असतील आणि त्यामुळे हा अडलाय. डिरेक्टरी पुन्हा एकदा साफ करू.

२३:२७

दोन टर्मिनल उघडी होती. एकात प्रायमरी, नाव डीबी-१. दुसऱ्यात सेकंडरी, डीबी-२. बाकीचं नाव अक्षर न् अक्षर सारखं. कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला सर्व्हरचं नाव दिसतं तिथे फरक एका आकड्याचा. प्रोडक्शन कुठलं आणि बाकीचं कुठलं हे सांगणारा वेगळा रंगही नाही.

डिरेक्टरी पुसायची कमांड डीबी-१ वर चालली.

सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आलं. त्याने ती तोडली. सुमारे ३१० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं होतं.

प्रायमरी गेली. सेकंडरी त्यानेच थोड्या वेळापूर्वी, नियमाप्रमाणे, रिकामी केली होती. त्या रात्रीच्या खुल्या टिपणांत पुढची नोंद आहे की आज यापुढे आपण सूडो, म्हणजे सर्वाधिकार, वापरून काहीही चालवू नये असं त्याचं मत आहे, आणि काम दुसऱ्याकडे दिलं गेलं. मला ही नोंद फार मोलाची वाटते. पॅनिकमध्ये दुरुस्तीला हात घालून दुसरं नुकसान करणं अशा वेळी सर्वांत सोपं असतं.

मध्यरात्रीनंतर

साइट बंद केली. मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली आणि वर सांगितलेली एकेक गोष्ट उघडी पडत गेली. एस-३ ची बकेट उघडली तर रिकामी. पीजी-डंप कधीपासून फसतोय ते तिथे कळलं. अझ्युरचे स्नॅपशॉट डेटाबेससाठी नव्हतेच. रेप्लिकेशनचं काय झालं ते सर्वांसमोर होतं. बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती किंवा मुळात लावलेली नव्हती, असं कंपनीने स्वतःच टिपणांत लिहिलं. राहिला होता संध्याकाळी पीजी-पूलच्या चाचणीसाठी घेतलेला स्नॅपशॉट.

तोही सहज हाती येणार नव्हता. स्टेजिंगवर डेटा चढवला की वेबहुक काढून टाकले जातात, नाहीतर चाचणीच्या सर्व्हरवरून खऱ्या लोकांच्या यंत्रणांना संदेश जातील. त्यामुळे ते कसे परत आणायचे हा वेगळा प्रश्न. आणि स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या, संथ. त्यांच्यावरून डेटा ६० मेगाबिट प्रतिसेकंदाच्या आसपासच हलत होता. नेटवर्क मोकळं होतं, प्रोसेसर मोकळे होते, डिस्क देत नव्हती. सुमारे १८ तास नुसती कॉपी चालली.

या काळात कंपनीने ट्विटरवर स्पष्ट सांगितलं की प्रोडक्शनचा डेटा आमच्या हातून पुसला गेलाय. टिपणांची लिंक खुली केली. यूट्यूबवर दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण सुरू केलं. एका वेळी ५००० च्या घरात लोक ते बघत होते. प्रोग्रामर मंडळींनी त्या अभियंत्याची आणि टीमची बाजू घेतली, धीर देणारे संदेश धाडले. असं काम केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की ती कमांड आपल्या बोटांखालीही येऊ शकली असती.

आपल्याकडे तेव्हा १ फेब्रुवारीची पहाट उजाडत होती. भारतातला तो अख्खा कामाचा दिवस साइट बंद राहिली. ज्यांचं काम गिटलॅब डॉट कॉमवर होतं त्यांना आपापल्या मशीनवर कमिट करता येत होते, इतिहास बघता येत होता. पुश करता येत नव्हतं आणि इश्यू उघडत नव्हते.

१ फेब्रुवारी, १८:१४

साइट परत आली. त्याआधी डेटाबेसमधल्या सगळ्या क्रमांकांच्या मोजण्या १,००,००० ने पुढे ढकलल्या गेल्या. हरवलेल्या तासांत एखाद्या इश्यूला जो क्रमांक मिळाला असेल तो पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळू नये, कुणाच्या जुन्या ईमेलमधली लिंक भलत्याच ठिकाणी नेऊ नये, म्हणून.

रिपॉझिटरी आणि विकी सुखरूप होत्या. १७:२० नंतर डेटाबेसमध्ये जे लिहिलं गेलं ते गेलं: सुमारे ५००० प्रोजेक्ट, ५००० टिप्पण्या, ७०० च्या आसपास नवी खाती. प्रोजेक्ट गेले म्हणजे त्यांच्या डेटाबेसमधल्या नोंदी गेल्या. कोड ज्याने लिहिला त्याच्याकडे होता, पुन्हा चढवता येत होता. टिप्पण्यांचं तसं नव्हतं. एखाद्याने त्या संध्याकाळी तासभर बसून एखाद्या बगचं कारण शोधून इश्यूखाली लिहिलं असेल, तर ते त्याच्या लॅपटॉपवर कुठेच नव्हतं.

अहवालात कंपनीने कारणांचा माग काढताना प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘का’ विचारलं आहे, आणि ती साखळी माणसापाशी थांबत नाही. बॅकअप चालतोय का हे कुणी तपासत नव्हतं, कारण ते काम कुणाच्याच नावावर नव्हतं, इथपर्यंत ती जाते. त्यानंतर काय बदलायचं त्याचे इश्यू गिटलॅबवरच सर्वांना दिसतील असे नोंदवले गेले. प्रत्येक सर्व्हरच्या प्रॉम्प्टचं रूप असं करायचं की प्रोडक्शन कुठलं ते एका नजरेत कळेल. एलव्हीएम स्नॅपशॉट २४ तासांऐवजी दर तासाला. बॅकअपवर नजर ठेवणारी देखरेख, ईमेलच्या भरवशावर नव्हे. घेतलेला बॅकअप खरोखर उघडून डेटाबेस उभा राहतो का याची आपोआप चाचणी. डेटा टिकवण्याची जबाबदारी नेमून दिलेल्या एका माणसाकडे. आणि वॉल आर्काइव्हिंग, एस-३ वर.